मलकापूरची खोली आणि युगांडाचा पगार

सांगली हा परदेश आहे, असं मी एका गृहस्थांना लेखी कळवलं होतं आणि त्याबद्दल फीही घेतली होती. आज हे सांगितलं की नातवंडं हसतात. पण बेचाळीस-त्रेचाळीसच्या सुमाराला ते कायद्याने अगदी खरं होतं. सातारा जिल्हा इंग्रजांचा, सांगली संस्थानची. मध्ये ना समुद्र, ना पर्वत. कुठे ओढा, कुठे नुसता बांध. बांधाच्या अलीकडचा ऊस ब्रिटिश आणि पलीकडचा संस्थानी.

मी साताऱ्यात आयकराची कामं करत असे. लोक मला वकील म्हणत, पण कोर्टात मी क्वचितच गेलो. माझं सगळं आयुष्य इन्कमटॅक्सच्या ऑफिसातल्या लाकडी बाकावर, साहेबांच्या बोलावण्याची वाट बघण्यात गेलं. माणसाचं सरलेलं वर्ष सरकारला समजेल अशा भाषेत मांडून दाखवायचं, एवढाच माझा धंदा. शेतीच्या उत्पन्नाला हा कर नाही, त्यामुळे शेतकरी माझ्याकडे फारसा येत नसे. येत ते पेढीवाले, मोटारवाले, डॉक्टर, पगारदार. बहुतेक घाबरलेले, नाहीतर चिडलेले. शांत माणूस आला की मलाच काळजी वाटायची.

ते सांगलीचे गृहस्थ मूळचे वाईचे. इथे एका पेढीवर मुनीम होते. श्रावणात त्यांनी सांगलीच्या हळदीच्या पेढीवर नोकरी धरली. बिऱ्हाड वाईलाच राहिलं. वर्ष संपल्यावर ते माझ्याकडे आले आणि मी त्यांना समजावून सांगितलं, की तुम्ही वर्षाच्या मध्यात देश सोडून दुसऱ्या राज्यात नोकरीला गेलात असं कायदा धरतो.

"अहो, मी दर पंधरा दिवसांनी घरी जेवायला येतो," ते म्हणाले.

"तेच तर सांगतोय. घर इथे राखलंय, म्हणून तुम्ही इथले रहिवासी. संस्थानांपुरती एवढी सवलत, की तिथला पगार तिथेच राहिला तर इकडे कर नाही. पण तो खिशात घालून हद्दीच्या अलीकडे आणलात, की लागला."

मुनीमांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्यांनी विचारलं, "पैशाऐवजी लुगडं आणलं तर?"

लुगड्याबद्दल मला कायद्यात काही सापडलं नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यानंतर ते वाईला येताना हळद, गूळ, भांडी, लुगडी असं काहीबाही घेऊन येत. त्यांच्या मंडळी वैतागल्या. वाण्याला काय हळद देऊ का, असं त्या विचारत.

हा परदेश हसण्यावारी गेला. पण वर्षाच्या मध्यात माणूस खरोखरच समुद्रापलीकडे गेला, तर काय काय प्रश्न उभे राहतात, ते मला हणमंत साळुंख्यामुळे कळलं. त्याचीच हकिकत सांगायची आहे.

हणमंत मलकापूरचा. मलकापूर तेव्हा कराडच्या शेजारचं साधं गाव होतं. लढाईच्या काळात तो खडकीला लष्कराच्या मोटार कारखान्यात होता. लढाई संपल्यावर घरी आला आणि कराडच्या एका सर्व्हिस मोटारवाल्याकडे मुख्य मिस्त्री म्हणून लागला. सर्व्हिस मोटारी म्हणजे एस.टी.च्या आधीच्या खाजगी बसगाड्या. शिवाय नदीकाठी उसाला पाणी उपसायला तेलाची इंजिनं बसत होती, ती जोडून द्यायचं कामही तो करी. त्यामुळे त्याला कर लागू झाला आणि तो माझ्याकडे आला. बुटका, खांद्यांनी रुंद, कमी बोलणारा. समोर बसला की आधी हात मांडीखाली लपवायचा, कारण नखांत काळं असायचं.

लढाईनंतरच्या दुसऱ्या वर्षी, आषाढात बैलांचा बेंदूर झाल्यावर, तो मला भेटायला आला. खडकीचा एक सोबती आफ्रिकेत युगांडाला गेला होता. तिथे एका साखर कारखान्यात इंजिनांवर माणूस हवा होता. पगार इथल्या कितीतरी पट. मुंबईहून बोटीने मोंबासा, तिथून रेल्वे. सगळं ठरलं होतं. जाण्याआधी कराचं काही करावं लागतं का, एवढं विचारायला आला होता.

मी म्हणालो, "एक गोष्ट मला विचारावीच लागते. परत येणार ना? माणूस परत न येण्याच्या विचाराने चालला असेल, तर साहेब त्याचा हिशेब तो जायच्या आधीच पुरा करू शकतात."

"तीन वर्सांचा करार हाय," हणमंत म्हणाला. "मग येणार की."

मी तसं टिपून घेतलं. माझ्या नावाने मुखत्यारपत्र करून तो गेला.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी त्याचा थोरला भाऊ रामजी नोटीस घेऊन आला. रामजी घरचा कर्ता, शेती तोच बघे. हणमंतचे पैसे कराडच्या बँकेत येत होते, आणि त्यावरून ऑफिसने त्या गेल्या वर्षाची चौकशी काढली होती. हणमंत वर्षाचे पहिले काही महिने इथे होता, बाकीचे तिकडे. इकडच्या पगारावर कर लागणार हे उघड होतं. प्रश्न तिकडच्या पगाराचा होता.

मी रामजीला नियम सोपा करून सांगितला. माणूस वर्षातला निम्म्याहून अधिक काळ इथे राहिला, तर तो इथला. हणमंत तेवढा राहिलेला नव्हता. पण दुसरीही एक कसोटी होती. माणूस त्या वर्षात थोडे दिवस का होईना इथे असेल, आणि निम्मं वर्ष त्याच्यासाठी इथे राहतं घर राखून ठेवलेलं असेल, तरीही तो इथलाच. मग जगाच्या पाठीवर कुठेही कमावलेलं इथे हिशेबात येतं.

रामजीने नीट ऐकलं. म्हणाला, "म्हंजी घर न्हाई म्हटलं की झालं."

"म्हटलं की नाही. नसलं की."

"न्हाईच की. घर माज्या नावचं हाय. आमचं आबा गेलं तवा माजं नाव लागलं. त्याची बायकू ऱ्हाती, ती आमच्यात ऱ्हाती. त्याचं सवतं घर कुटं हाय? तुमी तसा कागद करा, मी सही करतो."

"घर कुणाच्या नावावर आहे हे कायदा विचारत नाही," मी म्हणालो. "तो येऊन राहील म्हणून जागा राखलेली आहे का, एवढंच विचारतो. साहेब मला हे विचारणार. मी एकदा येऊन बघतो."

रामजीला ते आवडलं नाही, पण तो नाही म्हणाला नाही. मला कराडला दुसरं काम होतंच. ते आटोपून दुपारी मी मलकापूरला गेलो.

घर कौलारू, सारवलेलं, स्वच्छ. अंगणात नव्या इंजिनाची पेटी येऊन पडली होती. सोप्याच्या कडेला एक खोली होती, तिला वेगळं दार आणि दाराला कुलूप.

"ही?" मी विचारलं.

"अडगळ हाय," रामजी म्हणाला.

तेवढ्यात आतून हणमंतची बायको आली. अनसूया तिचं नाव. पंचविशीची असेल. मूलबाळ तेव्हा नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने कमरेची किल्ली काढली आणि कुणी काही म्हणायच्या आत कुलूप उघडून बाजूला उभी राहिली.

आत अडगळ नव्हती. भिंतीकडेला खाट, तिच्यावर गुंडाळलेली वळकटी. खुंटीला एक सदरा. जमिनीवर पोतं अंथरून त्यावर पाने, हातोड्या, कानशी, स्क्रू पिळायची हत्यारं ओळीने मांडलेली. लहान पान्यापासून मोठ्यापर्यंत. सगळ्यांवर तेलाचा हात फिरवलेला होता. खोलीला त्या तेलाचाच वास होता.

"ही कोण वापरतं?" मी विचारलं.

"कोन न्हाई," ती म्हणाली. "थोरल्या जाऊबाईंच्या पोरास्नी बी येऊ देत न्हाई. हरवत्यात पाने."

"आणि तेल?"

"मीच लावती. गंजली तर आल्यावर बोलतील मला."

रामजी मध्येच म्हणाला, "वकीलसायेब करासाठी आल्यात. घर हाय म्हटलं तर हणमंताच्या तिकडच्या पगाराला कर बसतोय. म्हणून इचारत्यात. कळलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिलाही नियम सांगितला, जसा रामजीला सांगितला होता तसाच. तिने पुन्हा कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि आत गेली.

रामजी मला कराडच्या मोटार स्टँडपर्यंत पोचवायला आला. चहा पाजला. म्हणाला, "वकीलसायेब, तुमी ती खोली बघितलीच न्हाई असं समजा."

"बघितली आहे, रामजीराव. घर राखलेलं नाही असं मला लिहिता येणार नाही."

"त्याच्याच फायद्याचं सांगतोय मी. माज्या खिशात काय जानार हाय? पैसं त्याचंच वाचनार."

हे खोटं नव्हतं. त्या पैशातून इंजिनं येत होती, जमीन पाण्याखाली येत होती, पण ती जमीन दोघा भावांची होती. रामजी काही लबाड माणूस नव्हता. त्याला आलेला पैसा जाऊ द्यायचा नव्हता, इतकंच.

"शिवाय," तो चहाचा पेला खाली ठेवत म्हणाला, "त्यो काय येतोय आता."

"तसं लिहिलंय त्याने?"

"लिवायला कशाला लागतंय? तिकडं ऱ्हायला बंगला दिलाय. हाताखाली मानसं हायती. कशाला यील ह्या खोलीत?"

मग म्हणाला, "तुमी लिवू नका. तारकेला मीच बोलतो सायबाम्होरं."

नोटिशीत दिलेल्या तारखेला मला हजर राहणं भाग होतं, कारण मुखत्यारपत्र माझ्या नावाने होतं. हणमंतला मी पत्र टाकलं होतं, पण बोटीने जाणाऱ्या टपालाचं उत्तर तारखेच्या आत येणं शक्य नव्हतं.

तारखेच्या दिवशी रामजी धुतलेला फेटा बांधून आला. साहेब धारवाडकडचे. मराठी सावकाश बोलत, पण एकही शब्द चुकवत नसत. कुणावर आवाज चढवलेला मी त्यांना कधी ऐकला नाही. त्यांनी रामजीला समोर बसवलं आणि विचारलं, "हणमंत साळुंखे इथे नसताना त्यांच्यासाठी राहायला जागा राखून ठेवलेली होती का?"

"न्हाई," रामजी म्हणाला. "घर माजं हाय. त्याचं हितं काय न्हाई."

साहेब लिहू लागले. मी तोंड उघडणार, एवढ्यात पट्टेवाला आत आला आणि म्हणाला, "सायेब, एक बाई आलीया. हणमंत साळुंख्याची मंडळी म्हणती."

रामजी गर्रकन वळला. "हिला कुनी बोलावली?"

कुणीच बोलावली नव्हती. मलाही ते अनपेक्षित होतं. पुढे कळलं, की सकाळी कुणाला न सांगता ती मलकापूरहून कराडला चालत आली आणि साताऱ्याच्या मोटारीत बसली. मोटारीचा ड्रायव्हर हणमंतच्या हाताखाली शिकलेला. त्याने तिच्याकडून तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, आणि ऑफिसच्या दारापर्यंत आणून सोडलं.

साहेबांनी तिला आत बोलावलं आणि बसायला सांगितलं. दीर समोर बसलेला, म्हणून ती बसली नाही. भिंतीला लागून उभी राहिली.

"बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"व्हय. त्येंच्यासाटी खोली राखून ठेवल्याली हाय."

"कुठे?"

"आमच्या घरात. मलकापुरात. खाट हाय, हातरून हाय, हत्यारं हायती. मी रोज झाडती."

रामजी म्हणाला, "सायेब, घर माज्या नावावर हाय. सातबाराचा काय, घरपट्टीचा काय, कुटला बी कागद बगा."

अनसूयेने दिराकडे बघितलं नाही. साहेबांनाच म्हणाली, "घर थोरल्या भावजींचंच हाय, सायेब. खोली त्येंची हाय."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "बाई, तुम्ही असं म्हणालात, तर तुमच्या नवऱ्याच्या तिकडच्या पगारावर इथे कर लागेल. घरातले पैसे जातील. हे तुम्हाला माहीत आहे का?"

"ठावं हाय. ह्या वकीलसायबांनी सांगितलंया."

"नवऱ्याने सांगितलं म्हणून आलात का?"

"न्हाई. त्यास्नी ठावं बी न्हाई मी आल्याली."

"मग का आलात?"

"तुमी लिवून घेनार, त्येंचं हितं काय न्हाई म्हणून. उद्या त्ये आलं आन कुनी तुमचा कागद दावला, तर त्येनी कुटं जायाचं?"

रामजी खाली बघत होता. साहेबांनी लिहिलेलं खोडलं, नव्याने लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि तिचा अंगठा घेतला. अंगठ्याची शाई पुसायला त्यांनी स्वतःचा टिपकागद पुढे केला.

निकाल काय लागणार हे तिथेच ठरलं. मी माझं काम केलं. तिकडे युगांडातही कर कापला जात होता. त्याबद्दल इथे काही सूट मिळावी म्हणून मी कारखान्याकडून दाखले मागवले, आणि काही सूट मिळालीही. बाकीचा कर भरावा लागला. रामजी दुसरं इंजिन घेणार होता, ते राहिलं.

माझं काम पक्षकाराचा कर कमी करण्याचं. या प्रकरणात पक्षकाराचा कर वाढला आणि मला बरं वाटलं. असं माझ्या धंद्यात पुन्हा कधी झालं नाही, आणि होऊही नये, कारण त्यावर पोट भरत नाही. पण दुसऱ्या बाजूने रुखरुखही होती. रामजीने त्या दिवसापासून अनसूयेची चूल वेगळी केली. जोंधळा मोजून द्यायला लागला. हे मला त्या मोटार ड्रायव्हरने सांगितलं. मी एकदा रामजीला निरोप धाडला, की तुमच्या भावाच्या बायकोने खोटं काहीच सांगितलं नाही. त्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याच्या घरात याहून जास्त बोलायचा मला अधिकार नव्हता.

दरम्यान संस्थानं विलीन झाली. सांगली रातोरात स्वदेश झाली आणि हळदीच्या पेढीवरचे मुनीम पेढे घेऊन आले. आता पगार रोख नेता येईल, याचा आनंद त्यांच्यापेक्षा त्यांच्या घरी जास्त झाला असावा.

करार संपला त्या साली हणमंत परत आला.

तो माझ्याकडे आला तेव्हा उन्हाने आणखी काळवंडलेला होता. अंगात विलायती कोट, पण बसल्यावर हात पुन्हा मांडीखाली. मला वाटलं, कर वाढवला म्हणून जाब विचारायला आलाय. मी कागद काढायला लागलो, तर म्हणाला, "कागद ऱ्हाऊ द्या. त्या दिशी तुमी हाफिसात व्हता न्हवं?"

"होतो."

"ती काय बोलली त्ये सांगा. हाय तसं सांगा."

मी सांगितलं. माझी स्मरणशक्ती धंद्यामुळे बरी आहे. साहेबांचे प्रश्न, तिची उत्तरं, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "घर भावजींचं, खोली त्येंची, आसं म्हणाली?"

"असंच म्हणाल्या."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. मी घोटभर पाणी मागवलं, ते प्याला. मग बोलायला लागला, आणि हणमंत एवढं बोललेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"वकीलसायेब, मी परत येनार न्हवतो. तुमास्नी सांगून गेलो येतो म्हणून, त्ये तवा खरंच व्हतं. पर तितं गेल्यावर मन पालटलं. कारखान्याजवळ एक गुजराती हाय, त्येच्या संगट भागीत गॅरेज काडायचं ठरलं. जागा बी बगितली. हितं काय हाय, दादा हाय, शेती हाय, त्ये चाललंया. हिला पैसं धाडत ऱ्हायचं, आसा इचार केला. हिला बोलवायचा इचार मनात आला न्हाई. का आला न्हाई, त्ये आता सांगता येत न्हाई."

"मग?"

"मग दादाचं पत्र आलं. लय रागात लिवल्यालं. तुज्या बायकूनं भर हाफिसात मला खोटं पाडलं, तुज्या घामाचं पैसं सरकारला दिलं, तिला लिवून नीट समज दे. मला बी पैल्यांदा रागच आला. मी कागद घिऊन बसलो तिला लिवायला. काय लिवू? घर हाय म्हणून का सांगितलंस, आसं लिवू?"

हात मांडीखालून काढून त्याने गुडघ्यावर ठेवले.

"घर हाय, घर हाय, आसं समदीच म्हणत्यात वो. म्हणायला पैसं पडत न्हाईत. हिला म्हणायला पैसं पडलं. तरी म्हणाली. दोन दिस माजं कामात ध्यान न्हवतं. तिसऱ्या दिशी त्या गुजरात्याला सांगितलं, गॅरेज तू एकट्यानं काड."

"हे अनसूयाबाईंना सांगितलंत?"

"न्हाई. कसं सांगू? येनार न्हवतो म्हणून सांगू? तुमी बी सांगू नगा."

मी शब्द दिला. आमच्या धंद्यात माणसं खूप गोष्टी सांगतात आणि सगळ्या पैशाच्या असतात. त्या आम्ही पोटात ठेवतो, त्याचं काही ओझं वाटत नाही. ही एकच वेगळी होती.

हणमंत पुन्हा गेला नाही. दोघा भावांनी शेताची वाटणी न करता तोंड उघडून बोलून घेतलं आणि चूल पुन्हा एक झाली. रामजीने कशी माघार घेतली ते मला माहीत नाही. पुढे हणमंतला मुलगा झाला. त्याने कराडात इंजिनदुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि कोयनेच्या धरणाचं काम निघालं तेव्हा तिथली यंत्रं सांभाळायला काही वर्षं कोयनानगरलाही राहिला. तेव्हा मात्र अनसूयाबाई बरोबर गेल्या. दर वर्षी तो माझ्याकडे येई. त्या गोष्टीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तो वारला त्याच्या दुसऱ्या वर्षी अनसूयाबाई मुलाबरोबर माझ्या घरी आल्या. मी काम जवळजवळ बंद केलं होतं, पण दुकान मुलाच्या नावावर व्हायचं होतं आणि त्यांना ते दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं नव्हतं. मुलगा झेरॉक्स काढायला बाहेर गेला. आम्ही दोघंच बसलो होतो. केस पूर्ण पांढरे झाले होते त्यांचे, पण पाठ ताठ होती.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "वकीलसायेब, एक इचारू? त्ये परत येनार न्हवते, त्ये तुमास्नी ठावं व्हतं न्हवं?"

मी समोरचे कागद सारखे करू लागलो. ज्याला शब्द दिला होता तो माणूस आता नव्हता, पण शब्द होता.

माझ्याकडे बघून त्या हसल्या. "ठावं व्हतं म्हंजी. मला बी ठावं व्हतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पत्र वाचाय शेजारचं मास्तर यायचं. पैल्यांदा पत्रात आसायचं, येतो तवा आमकं आनतो, येतो तवा तमकं करू. मग त्ये न्हाईसं झालं. पैसं धाडलं, पोचलं का कळीव. पाऊस झाला का. येवडंच. मास्तर म्हणायचं, बरं चाललंय बग त्येचं. मी म्हटलं, व्हय."

"म्हणून आला होतात त्या दिवशी ऑफिसात?"

"म्हणूनच. घरात बोलले आसते तर कोन ऐकत व्हतं? माजं मी पत्र धाडायचं म्हटलं तर मास्तराला सांगून लिवायला लागलं आसतं. नवऱ्याला ये म्हणून गावच्या मास्तराकडनं लिवून घ्यायचं, त्ये माज्यानं झालं नसतं." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "सरकाराम्होरं बोलले की थोरलं भावजी चिडनार, आन चिडले की त्येंला लिवनार, त्ये मला पक्कं ठावं व्हतं. भावजींचं पत्र त्ये नीट वाचायचे."

इतकी वर्षं ते प्रकरण मी माझ्या परीने समजलो होतो. साहेब त्यांच्या परीने, हणमंत त्याच्या परीने.

"आणि त्यांना हे कधी सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"न्हाई."

"आल्यावर विचारलंसुद्धा नाही?"

"काय इचारायचं?" अनसूयाबाई म्हणाल्या. "दुपारच्या मोटारीनं आले. वाटंत काय खाल्लं न्हवतं. मी भाकरी थापायला घेतली."